अष्टाचंगाचे दान आणि संगणक

वरच्या वर्गांतील मुलांकडून संगणकावर पहिला खेळ तयार करून घ्यावयाचा असेल, तर शिक्षकाने परक्या नमुन्यामागे न लागता अष्टाचंगाचाच पट घ्यावा. भंडारा जिल्ह्यातील खेड्यांतल्या मुलांना दान आणि चिंचोके यांची ओळख करून द्यावी लागत नाही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत तयार झालेल्या व २००७ साली सर्वांसाठी खुल्या झालेल्या ‘स्क्रॅच’मध्ये ठोकळे जुळवून हा खेळ रचता येतो.

गुणांचा हिशेब सोपा आहे. ‘गुण’ नावाची डबी कल्पून प्रत्येक दान तीत मिळवावे. डबी शून्य करण्याची आज्ञा मात्र डावाच्या आरंभी एकदाच असावी. ती पुनरावृत्तीच्या आत गेली, तर प्रत्येक दानाबरोबर मागची सर्व कमाई पुसली जाते.

खरी अडचण दानाची. एक, दोन, तीन, चार व आठ अशी पाचच दाने असल्याने मुले संगणकाला त्यांपैकी कोणतेही एक उचलावयास सांगतात. खेळ चालतो; पण शंभर दानांत सुमारे वीस वेळा अष्टा पडतो, आणि ओसरीवर खेळलेले एखादे मूल ‘संगणक खोटा खेळतो’ असे म्हणते. शिक्षकाने त्या मुलाला गप्प करू नये. त्याचे म्हणणे बरोबर आहे.

फोडलेला चिंचोका पांढऱ्या किंवा काळ्या बाजूने पडतो. असे चार चिंचोके १६ प्रकारे पडू शकतात. त्यांत दोन पांढरे येण्याचे प्रकार ६, एक पांढरा येण्याचे ४, तीन येण्याचेही ४. चारही पांढरे किंवा चारही काळे येण्याचा मात्र प्रत्येकी एकच. (आठ कशाला मानावयाचे, याबाबत गावची रीत ठेवावी.) म्हणून संगणकाला शून्य किंवा एक यांपैकी अंक चार वेळा निवडावयास सांगून बेरीज घ्यावी, आणि बेरीज शून्य आल्यास दान आठ धरावे. आता शंभरांत अष्टा सहाच्या आसपास येईल.

पडताळ्यासाठी मुलांच्या दोन तुकड्या कराव्यात. एकीने संगणकावर, दुसरीने जमिनीवर शंभर दाने टाकून फळ्यावर रेघा ओढाव्यात. चिंचोक्याची पाठ फुगीर व पोट सपाट असते; त्यामुळे दोन्ही मोजण्या जुळतीलच असे नाही. फरक फार पडला, तर चिंचोके बदलून पुन्हा टाकावेत.