नव्या रंगावरचे चिकट ओघळ

प्रश्न : जूनच्या सुरुवातीला बाहेरच्या भिंतींना गडद इमल्शन लावून घेतलं. पहिल्याच पावसात त्यावर पांढरट, चिकट ओघळ उमटले. रंग भेसळीचा निघाला का?

उत्तर : तेवढ्यावरून रंगाला दोष देऊ नका. इमल्शनमध्ये पॉलिमरचे अतिसूक्ष्म कण, साधारण 0.1 मायक्रॉनचे, पाण्यात पसरलेले असतात. डब्यातच त्यांच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून सरफॅक्टंट, म्हणजे साबणाच्या कुळातली रसायनं, घालावीच लागतात. पाणी उडालं की कण दाटीने जवळ येतात, दबतात आणि एकजीव होऊन थर धरतात. कण मऊ करणारा द्रावक नंतर हळूहळू उडून जातो. सरफॅक्टंट मात्र उडत नाही. पॉलिमरशी जमलं तर ते त्यात मुरून राहतं. नाही जमलं तर कणांमधल्या फटींत साचतं किंवा पृष्ठभागावर येतं. दमट हवेत थर नीट जुळायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात पाऊस आला की हेच सरफॅक्टंट विरघळून खाली ओघळतं.

ओल्या बोटाने चोळून पाहा. साबणासारखं बुळबुळीत लागलं तर हेच कारण. कोरडी, भुरभुरीत पांढरी पूड निघाली तर ते भिंतीतले क्षार आहेत. मग ओल कुठून येते ते आधी शोधा.

ओघळ साध्या पाण्याने, मऊ फडक्याने लवकर धुऊन काढा, घासू नका. एकदोनदा परत येतील. ते पुरते जाईपर्यंत दुसरा हात मारू नका आणि पुढच्या वेळी रंगकाम पावसाच्या निदान महिनाभर आधी उरका.