लग्नगडी

छात्रहो, 'गडी' म्हणजे चाकर, हे तुम्हांला ठाऊक आहे. 'लग्नगडी' मात्र बहुतेकांनी ऐकला नसेल. आजच्या पालघर जिल्ह्यातल्या डहाणू-तलासरी भागात वारली तरुण लग्नासाठी सावकाराकडून थोडे पैसे घेई. फेड म्हणून तो आणि त्याची नवी नवरी, दोघेही सावकाराच्या घरी-शेतावर राबत. हिशेब सावकाराच्या वहीत आणि वारल्याला अक्षरओळख नाही. मग कर्ज फिटले हे सांगणार कोण? अशीच आयुष्ये सरत.

जानेवारी 1945 मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली, तिथे आलेल्या वारल्यांकडून हे सारे पुढे आले. त्यानंतर गोदावरी परुळेकर त्या जंगलपट्टीत गेल्या. जन्म 1907, पुण्यातल्या वकिलाची मुलगी, स्वतः कायद्याची पदवीधर, वय सदतीस. त्या वारल्यांच्या झोपड्यांत राहिल्या, त्यांच्यात जेवल्या, त्यांची बोली शिकल्या. व्यासपीठावर बोलणे त्या मानाने सोपे! मालकाच्या नुसत्या नावाने थरथरणाऱ्या माणसाजवळ बसून त्याची भीती घालवायला दिवसच्या दिवस लागतात, आणि ते कुणाला दिसतही नाही.

23 मे 1945 रोजी झरी गावी हजारो वारली जमले. ठरले ते साधेच: वेठ करायची नाही, रोजाचे बारा आणे मिळाल्याशिवाय काम नाही, लग्नगडी म्हणून राहायचे नाही. पुढे वारली जथ्थ्याने गावोगाव गेले आणि लग्नगड्यांना सावकारांच्या घरांतून सोडवून आणले. बाईंनी जागे केले. दारात जाऊन उभे राहिले ते वारलीच, हे विसरू नये.

त्याची किंमतही पडली. 10 ऑक्टोबरला तलवाड्यात गोदावरीबाई येणार अशी खोटी आवई उठली. लोक लोटले आणि पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण ठार झाले. बाईंना ठाणे जिल्ह्यातून हद्दपार करण्यात आले.

वेठबिगार निर्मूलनाचा कायदा देशात 1976 साली आला. त्याने असे कर्ज रद्दच होते आणि वेठबिगाराच्या सुटकेची व पुनर्वसनाची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यावर येते. आपल्या दुर्ग जिल्ह्यातही हेच लागू. वीटभट्टीवर उचल देऊन माणूस अडकवून ठेवला, तर तोही याच कायद्यात बसतो.

गोदावरीबाईंनी हा लढा 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहिला. त्याला 1972 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. मराठी साधे आहे. सुट्टीत घरी गेल्यावर आजी-आजोबांबरोबर वाचता येईल.