पाळणाघराची फी कोणाच्या पगारातून?

प्रश्न : माझी मुलगी आठ महिन्यांची आहे. बाळंतपणाची रजा संपल्यावर बिनपगारी रजा घेतली, तीही आता संपतेय. माझा हातात येणारा पगार ३४ हजार. पाळणाघराचे १३ हजार, स्वयंपाकाच्या मावशींचे ६ आणि जाण्यायेण्याचे ४ हजार गेले की ११ हजार उरतात. ‘एवढ्यासाठी लेकराला सोडून जायचं कशाला?’ असं घरात सगळेच म्हणतात. यजमानांना ६२ हजार मिळतात. माझी नोकरी सात वर्षांची आहे. सोडावी का? – एक वाचक, चिंचवड

उत्तर : ताई, या हिशेबाची मांडणीच मला मान्य नाही. मूल दोघांचं, पोळी-भाजी सगळ्यांची, मग पाळणाघर आणि मावशी फक्त तुमच्या पगारातून का वजा होतात? घराचा हप्ता किंवा किराणा आपण कुणा एकाच्या पगारातून वजा करून ‘मग तुझी नोकरी कशाला?’ असं विचारत नाही. तुमच्या घरात महिन्याला ९६ हजार येतात. १३ हजार त्यातून जाऊ द्या. कागदावर हिशेब पुन्हा लिहा आणि तो यजमानांसमोर ठेवा, अगदी आजच.

शिवाय हातात येणारी रक्कम म्हणजे पूर्ण पगार नव्हे. तुमचा मूळ पगार १५ हजार धरला, तरी दरमहा तुमचे १,८०० आणि तेवढेच मालकाचे भविष्य निर्वाह निधीत जातात. मालकाच्या हिश्श्यातले १,२५० पेन्शन योजनेत जमा होतात. या योजनेत दहा वर्षं सेवा भरली की ५८व्या वर्षापासून पेन्शनचा हक्क मिळतो. तुम्ही त्यापासून तीन वर्षांवर आहात. पाळणाघराचा एवढा मोठा खर्चही मुलगी शाळेत जाईपर्यंतचाच, तर पगार, पीएफ आणि अनुभव पुढे वाढत राहणार.

कामावर परतलात तर मुलगी १५ महिन्यांची होईपर्यंत, नेहमीच्या सुटीशिवाय, तिला पाजण्यासाठी दिवसातून दोनदा वेळ मिळण्याचा तुम्हाला कायदेशीर हक्क आहे. ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय करावी लागते आणि आईला तिथे दिवसातून चार वेळा जाता येतं. रजा २६ आठवड्यांची झाली त्याच २०१७च्या दुरुस्तीत पाळणाघराची ही तरतूद आली आणि सामाजिक सुरक्षा संहितेतही ती कायम आहे. तुमच्या कचेरीत सोय नसेल तर तोंडी विचारू नका, लेखी अर्ज द्या. कामाचं स्वरूप तसं असेल तर रजेनंतर काही काळ घरून काम करण्याबद्दलही मालकाशी ठरवता येतं.

एवढं सगळं बघूनही मुलीजवळच राहावंसं वाटलं, तर जरूर राहा. ते कारण स्वतःच्या बळावर पुरेसं आहे, त्याला चुकीच्या वजाबाकीचा आधार नको. मात्र सोडताना ग्रॅच्युइटी मागून घ्या. पाच वर्षांच्या पुढे तुमचा तो हक्क आहे, १५ हजार मूळ पगारावर सात वर्षांचे सुमारे ६० हजार होतात. आणि पेन्शनची रक्कम काढू नका. तिच्याऐवजी योजना प्रमाणपत्र घ्या, म्हणजे पुन्हा नोकरी धरलीत की ही सात वर्षं पुढे जोडली जातील. नोकरी सोडलेल्या बहुतेक जणी ‘पडून कशाला राहायचं’ म्हणून ते पैसे काढतात आणि सेवेची वर्षं गमावतात. मला याचं फार वाईट वाटतं.

प्रश्न : आमचं दोघांचं ठरलंय, मुलगा शाळेत जाईपर्यंत मी घरी राहणार. मी त्यात खूश आहे. पण माझी आई म्हणते, हातात पैसा नसला की बाईला घरात किंमत राहत नाही. काय तजवीज करू? – एक वाचक, नाशिक

उत्तर : आईचं बोलणं उडवून लावू नका. तिने आयुष्यात काहीतरी पाहिलेलं असणार.

तुमच्या एकटीच्या नावावर बचत खातं असू द्या. पगाराच्या दिवशी ठरलेली रक्कम त्यात आपोआप जमा व्हावी, दर महिन्याला मागावी लागू नये. घरखर्चाचे पैसे वेगळे, हे तुमचे. त्यातून तुमच्या नावाने पीपीएफ उघडा. वर्षाला किमान ५०० रुपये भरले तरी खातं चालू राहतं, कमाल मर्यादा दीड लाख. एनपीएस खातंही नोकरी नसताना काढता येतं.

आता सगळं घर एका पगारावर चालणार, म्हणून यजमानांचा मुदत विमा हवाच. तो १८७४च्या विवाहित महिला संपत्ती कायद्याखाली घ्यायला सांगा. मग विम्याचे पैसे फक्त तुमचे आणि मुलाचे राहतात, यजमानांच्या धनकोंना त्यावर हात टाकता येत नाही. ही निवड पॉलिसी घेतानाच करायची असते.

आणि एक गोष्ट हमखास राहून जाते. कंपनीचा आरोग्यविमा नोकरीबरोबर संपतो. नव्या पॉलिसीत साधारणपणे पहिले ३० दिवस अपघात सोडून दुसरा दावा मिळत नाही, म्हणून तिघांची पॉलिसी राजीनाम्याच्या निदान दीड महिना आधी सुरू करा.