जुन्या चामडी जाकिटाची निगा

‘जुने ते सोने’ ही म्हण चामड्याला पुरती लागू पडत नाही. सोने पन्नास वर्षे पेटीत पडले तरी सोनेच राहते. चामडे मात्र दुर्लक्षाने वाळते, चिरते किंवा बुरसते. आपला नगर जिल्हा (2024 पासून अहिल्यानगर) लष्कराशी जवळचे नाते असलेला. 1948 साली येथे आर्मर्ड कोअरचे केंद्र झाले, 1994 साली रणगाडा संग्रहालय उभे राहिले. फौजेत राहून आलेल्या एखाद्याच्या घरी ट्रंकेच्या तळाशी जुने चामडी जाकीट निघते. कोणी ते जुन्या बाजारातून हौसेने आणलेले असते. अशा जाकिटाचे घरच्या घरी काय करता येईल आणि काय करू नये, याचा विचार येथे करावयाचा आहे.

चामड्याचा स्वभाव

कच्चे कातडे कुजते, कमावलेले चामडे टिकते. कातड्यात कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचे तंतू असतात. कमावताना घातलेले द्रव्य त्यांना बांधून ठेवते. आपल्याकडे हे काम बाभळीची व तरवडीची साल आणि हिरडा यांतील टॅनिन करीत आले. 1884 साली ऑगस्टस शुल्ट्झ याने अमेरिकेत क्रोम क्षारांनी कातडी कमावण्याचे पेटंट घेतले आणि विसाव्या शतकात ती पद्धत जगभर पसरली. क्रोमचे चामडे उकळत्या पाण्याची उष्णताही सोसते. सालीने कमावलेले चामडे ओले असताना साधारण 70 ते 85 अंश सेल्सिअसलाच आकसते.

कमावल्यानंतर चामड्याला तेल-चरबी पाजतात, म्हणजे तंतू एकमेकांवर सहज सरकतात. जुने जाकीट ताठर होते ते बहुधा ही स्निग्धता सरल्यामुळे. शिवाय चामडे आम्लधर्मी असते, तर धुण्याचा सोडा व कपड्यांचा साबण अल्कधर्मी. जाकीट बादलीत भिजवून साबणाने चोळू नये, याचे कारण हेच.

परीक्षा आणि सफाई

प्रथम ते चामडेच आहे ना, हे पाहावे. रेक्झिनच्या उलट बाजूस कापडाची वीण दिसते. चामड्याच्या उलट बाजूस तंतूंची लव असते. मग आतल्या कोपऱ्यावर पाण्याचा एक थेंब टाकावा. तो जिरून डाग गडद झाला तर चामड्यावर रंगाचा थर नाही, म्हणून पाणी फार जपून वापरावे. थेंब वर तसाच राहिला तर थर आहे. लव वर असलेल्या मऊ चामड्याला पाणी लावूच नये. कोरडा ब्रश पुरे.

खिसे रिकामे करून मऊ ब्रशाने धूळ काढावी. पांढरे डाग दिसले तर ते बुरशीचे की वर आलेल्या चरबीचे, हे ओळखावे. तळहाताच्या उबेने डाग विरला तर चरबी. न विरला तर बुरशी समजावी. बुरशी घराबाहेर, नाकाला रुमाल बांधून झाडावी. नंतर सौम्य साबणाचे दोन-चार थेंब पेलाभर पाण्यात घालून, त्यात फडके बुडवून घट्ट पिळावे आणि लहान लहान भाग पुसत जावे. कॉलर व मनगटे येथे घामाचे तेल मुरलेले असते. तेथे टाल्कम पावडर पसरून रात्रभर ठेवावी व सकाळी झाडावी. काहीही लावण्यापूर्वी आतल्या बाजूस करून पाहणे, हा नियम कधी मोडू नये.

वाळवणे रुंद हँगरवर, सावलीत, वाऱ्यावर. ऊन, चूल व इस्त्री या तिन्ही गोष्टी वर्ज्य.

तेल कोणते?

घरात जे तेल असेल ते चोळावे, असा मोह होतो. जवसाचे तेल हवेत वाळून कडक पापुद्रा धरते. खोबरेल नगरच्या थंडीत गोठते, हे आपण दर हिवाळ्यात बाटलीत पाहतोच. चामड्यासाठी मिळणारे लॅनोलिनयुक्त मलम बरे. एका जाकिटाला एक-दोन चमचे, तेही कापडावर घेऊन. अधिक तेलाने रंग काळवंडतो व धूळ चिकटते. बुटाचे पॉलिश तर अंगातल्या सदऱ्यावर उतरते.

शिवण उसवली असल्यास जुन्याच छिद्रांतून दोरा घालावा. नवी छिद्रे पाडली की चामडे तिकिटासारखे फाटते. फाटलेल्या जागी आतून पातळ चामड्याचे ठिगळ द्यावे. अडकणाऱ्या चेनला मेणबत्ती घासावी. अस्तरावर कोणाचे नाव किंवा क्रमांक असेल, तर तो डाग समजून पुसू नये. तोच त्या वस्तूचा इतिहास आहे.

ठेवावे कुठे? प्लॅस्टिकच्या पिशवीत नव्हे, जुन्या सुती चादरीत. अकोल्याच्या डोंगरपट्ट्यात पावसाळ्यात बुरशीचे भय, तर नगरच्या कोरड्या हवेत भेगांचे. म्हणून महिन्यातून एकदा हवा द्यावी.

मर्यादा आणि ऋण

सालीने कमावलेल्या काही जुन्या चामड्याची लालसर भुकटी होऊ लागते. हवेतील गंधकाचे वायू शोषून त्यात आम्ल तयार झालेले असते. गेलेले चामडे परत येत नाही. तेल लावल्याने ते आणखी बिघडते. तेथे थांबणे हेच शहाणपण.

हे काम करताना एक गोष्ट मनात आल्यावाचून राहत नाही. चामडे ओळखणारे, आरी-रापी चालवणारे आणि मेण लावलेल्या दोऱ्याने शिवण घालणारे हात आपल्या समाजाने शतकानुशतके वेशीबाहेर ठेवले. 1930 च्या दशकात वर्ध्याजवळ नालवाडीला चर्मालय चालले, ते या कामावरचा कलंक पुसण्यासाठीही होते. 1948 साली मद्रासला केंद्रीय चर्म संशोधन संस्था निघाली आणि 1974 साली महाराष्ट्रात चर्मोद्योग महामंडळ स्थापन झाले. चामड्याची विद्या प्रयोगशाळेत गेली, प्रतिष्ठित झाली. रस्त्याच्या कडेला बसणारा कारागीर मात्र बहुधा तेथेच राहिला. आपण जाकीट ऐटीत मिरवतो आणि ते दुरुस्त करणाऱ्याशी मजुरीसाठी घासाघीस करतो, हा विरोध कलाशाखेच्या विद्यार्थ्याला तरी खटकला पाहिजे.

उसवलेली शिवण आपल्याला जमण्यासारखी नसेल, तर त्या कारागिराकडे जावे, त्याच्याशेजारी बसून तो काय करतो ते पाहावे, विचारावे आणि मागेल ती मजुरी द्यावी. या विषयाचा पुढचा धडा तोच देऊ शकेल.