‘किमान देय रक्कम’: सवड की व्याज?

मुंबई-नाशिक महामार्गालगत पडघा-भिवंडी परिसरात गोदामे वाढली, तरुणांचे पगार बँकेत जमा होऊ लागले आणि त्यामागोमाग क्रेडिट कार्डही घरात आले. कार्डाच्या मासिक बिलावर दोन आकडे असतात : एकूण देय आणि किमान देय. या दुसऱ्या आकड्याने अनेकांना गाफील केले आहे.

समजा, 40,000 रुपये थकले. दरमहा साडेतीन टक्क्यांनी व्याज 1,400 आणि त्यावर 18 टक्के जीएसटी 252, असे 1,652 रुपये झाले. किमान देय पाच टक्के, म्हणजे 2,000 भरले, तर मुद्दल घटते अवघे 348 रुपयांनी! कार्डाला पुन्हा हात लावला नाही, तरी वर्षभरात जवळपास 22,900 रुपये भरून 36,000 शिल्लकच राहतात. कायद्याचा आडोसाही फारसा नाही. 30 टक्क्यांहून अधिक व्याज अनुचित ठरविणारा राष्ट्रीय ग्राहक आयोगाचा 2008 चा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 20 डिसेंबर 2024 रोजी रद्द केला.

पवित्र कुरआनने (2:280) अडचणीतील कर्जदाराला सवड देण्यास सांगितले आहे. किमान देय रक्कम वरकरणी सवडच भासते. परंतु ही विकत घेतलेली सवड होय. अज्ञानकाळात मुदत संपताच सावकार विचारीत असे, ‘फेडतोस की वाढवतोस?’ तोच प्रश्न आता छापील बिलावर येतो. ‘मी वेळेवरच भरणार’ या भरवशावर कार्ड घेणाऱ्यांनी हेही जाणावे की, आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने 2000 साली रियाध येथे, व्याजाची अट असलेले कार्ड या हेतूनेही घेणे नाजायज ठरविले.

उलट टोकाचा सल्लाही ऐकू येतो : हप्ते थांबवा, बँक स्वतःच थोड्यात मिटवील. व्याज हराम, म्हणून मुद्दलही बुडवावे, हा तर्क दीनचा नव्हे. व्याज सोडण्यास सांगणारी आयतच (2:279) मुद्दलावर धनकोचा हक्क मान्य करते. बुखारीतील हदीसनुसार, तीन दीनारांचे कर्ज मागे ठेवून वारलेल्या माणसाची जनाजाची नमाज पढविण्यास अल्लाहचे प्रेषित (स.) राजी झाले नाहीत, ह. अबू कतादा (रजि.) यांनी ते कर्ज अंगावर घेतले तेव्हाच नमाज झाली.

म्हणून थकबाकीदाराने प्रथम कार्ड बंद करावे. घरात दागिना पडून असेल, तर तो विकून मुद्दल फेडणे हे महिन्यामागून महिना व्याज भरण्यापेक्षा बरे. लग्नाच्या थाटासाठी कार्ड घासणाऱ्याला हे कटू वाटेल, पण इलाज नाही. इस्पितळाच्या बिलापायी बुडालेल्याची गोष्ट वेगळी. जकातीच्या आठ हक्कदारांत (9:60) कर्जदारही आहेत. रमजानमध्ये जकात वाटताना आपण विधवा आणि मदरसे आठवतो. शेजारचा पगारदार, ज्याचा अर्धा पगार पहिल्याच तारखेला कापला जातो, तो लाजेने काही बोलत नाही. त्याला गाठून विचारावे लागेल. जकात लागू होत नसेल, तर चार नातेवाइकांनी मिळून कर्जे हसना द्यावे आणि आयत 2:282 प्रमाणे रक्कम, मुदत व साक्षीदार लिहून ठेवावेत. भाऊ-भाऊ असले तरी.