कोळंबीची पिल्ले आणि तळ्यातल्या पाण्याची ऊब

उसासाठी खोदलेल्या शेततळ्यात गोड्या पाण्यातली मोठी कोळंबी वाढवावी का, अशी विचारणा बरेच जण करतात. वाढवावी, पण आधी पाण्याची ऊब समजून घ्यावी.

या कोळंबीचे पहिले दिवस मचूळ पाण्यात जातात. ते काम उबवणी केंद्राचे. आपल्या हाती येते ते गोड्या पाण्याला सरावलेले, जेमतेम सेंटिमीटरभराचे पिल्लू. त्याच्या अंगाला स्वतःची ऊब नसते. पाणी जेवढे गरम, तेवढेच ते गरम. २८ ते ३१ अंश सेंटिग्रेडला ते भरपूर खाते, भराभर कात टाकते आणि वाढते. पाणी २० च्या खाली गेलं की खाणं मंदावतं, वाढ थांबल्यात जमा. १४ च्या आसपास मरच लागते. थंडीत लावलेलं बेणं उशिरा का होईना उगवतं. इथं पिल्लू हातचं जातं. म्हणून देशावर बीज जून-जुलैत सोडावे आणि थंडीचा कडाका पडण्याआधी कोळंबी काढून घ्यावी.

३५ च्या वरही धोकाच. गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसात. आणि नेमका तेव्हाच पिल्लाला तो जास्त लागतो.

खरा घात होतो तो पिल्ले सोडताना. आमची पहिली खेप अशीच गेली. पिशव्या रात्रीच्या गारव्यात आल्या, आम्ही भर दुपारी ओतून मोकळे झालो. संध्याकाळी काठाला पांढरी पडलेली पिल्ले! आम्ही बीजाला बोल लावला. चूक आमची होती.

आता आम्ही दिवस कलल्यावर बंद पिशव्या अर्धा तास तळ्यात तरंगत ठेवतो. उन्हात नाही, बंद पिशवी भलतीच तापते. मग तोंड सोडून तांब्या-तांब्याने तळ्याचे पाणी आत घालायचे. दोन्ही पाण्यांत अंशा-दोन अंशांचाच फरक राहिला, की पिशवी आडवी करायची. पिल्ले आपणहून बाहेर पडतात.

थर्मामीटर दोरीला बांधून तळाशी सोडावा, पहाटे आणि दुपारी तीनला. कोळंबी तळाला राहते, वरच्या पाण्याचा आकडा फसवतो. कात टाकलेल्या मऊ पिल्लांना दुसरी खातात, म्हणून आडोशाला झावळ्या किंवा कौले टाकावीत. पाचट मात्र नको. ते कुजताना पाण्यातला प्राणवायू खाते.