पाव गुंठ्यातला हिवाळी भाजीपाला: बियाणं स्वस्त, पाणी महाग

सोयाबीन निघालं, दसरा झाला की लातूर जिल्ह्यातल्या शिरूर अनंतपाळ भागात परसात वाफे पडायला लागतात. खर्च किती, असं विचारलं की जो तो बियाण्याचा भाव सांगतो. खरा खर्च पाण्याचा आहे. काय लावायचं आणि काय बाजारातून आणायचं, हे त्यावरच ठरवावं.

पाव गुंठा म्हणजे साधारण २५ चौरस मीटर. आपल्याकडे थंडी रात्रीपुरती. दुपारी पारा तिशीला टेकतो. अशा हवेत जमीन आणि पीक मिळून दिवसाला चार मिलिमीटरच्या आसपास पाणी उडवतात. म्हणजे रोज १०० लिटर, नव्वद दिवसांत ९,००० लिटर. घरचा बोअर चालू असेल तर ठीक. टँकर घ्यायचा झाला आणि ५,००० लिटरला हजार रुपये धरले, तर १,८०० रुपये नुसत्या पाण्याचे. २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेला हा जिल्हा आहे. हिशेब आधी मांडलेला बरा. रोपांच्या बुडाशी सोयाबीनची गुळी (भुसकट) दोन बोटं पसरा, पाण्याची पाळी लांबते. काळी जमीन ओल धरून ठेवते, त्यामुळे रोपं एकदा धरली की रोज शिंपडत बसू नका. चार-पाच दिवसांनी पोटभर द्या.

बाकीचा खर्च त्यामानानं किरकोळ. शेणखत ५० किलो, घरी जनावर नसेल तर शंभर-दोनशे रुपये. मेथी, पालक, मुळा, गाजराची पाकिटं मिळून दीडशे-दोनशे. मेथी आणि धने किराणा दुकानातलेही उगवतात, फक्त जुने नकोत. धने रगडून दोन फाकी करून रात्रभर भिजवा. वांगी, टोमॅटो, फ्लॉवरची चाळीस-पन्नास रोपं दीड-दोन रुपयांच्या भावानं शंभराच्या आत. लसणाच्या पाकळ्या पाव किलो. पिवळे चिकट सापळे, निंबोळी अर्क धरून सगळं पाचशे ते आठशेत बसतं. दुकानागणिक आकडा थोडा हलेल.

एका वाफ्यात सगळी मेथी एकदम टाकू नका. दहा-बारा दिवसांच्या अंतरानं थोडी थोडी पेरा. महिन्याभरात काढणीला येते, म्हणून पाण्याच्या मानानं तिच्याइतकी परवडणारी भाजी नाही. येळवशीच्या (वेळ अमावास्येच्या) भज्जीला घरची मेथी हवी असेल तर अमावास्येच्या महिनाभर आधीची पेरणी धरा. गाजर-मुळ्याला भारी जमिनीत फाटे फुटतात. वाफा उंच करून त्यात वाळू आणि कुजलेलं खत मिसळा. मुळ्यात पुसा चेतकी उष्णता सोसते, तो दसऱ्यालाही चालतो.

फ्लॉवर घेताना मात्र रोपवाटिकेत वाणाचं नाव विचाराच. लवकरचं वाण उशिरा लावलं तर बोराएवढा गड्डा. उशिराचं उकाड्यात लावलं तर नुसता पाला. ‘चांगलं आहे, न्या’ हे उत्तर पुरेसं नाही.

वाटाणा आणि कांदा मी सुचवणार नाही. दुपारच्या उन्हात वाटाण्याची फुलं गळतात. रब्बीचा कांदा तर एप्रिलपर्यंत पाणी मागतो, नेमकं विहिरी तळ गाठतात तेव्हा. तो बाजारातूनच घ्यावा.

पाकिटावर लॉट नंबर, उगवणीची टक्केवारी आणि मुदत बघा आणि वीस रुपयांच्या पाकिटाचीही पक्की पावती मागा. बियाणं नाही उगवलं तर पाकीट, उरलेलं बी आणि पावती घेऊन पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करता येते. निकृष्ट बियाण्यासाठी शेतकरीही ग्राहक आयोगाकडे (तेव्हाच्या ग्राहक मंचाकडे) जाऊ शकतो, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१२ साली राष्ट्रीय बीज निगमच्या खटल्यात मान्य केलं आहे. पीक उपटून टाकण्याआधी वाफ्याचे फोटो काढून ठेवा.